बेचाळिसावे नाव

२०१९ च्या गौरी-गणपतीत गावी गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. गौरी जेवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "जरा पंचायतीपातुर चल की. यादी लागलीया म्हणं." आक्का नात्याने आमची कोणी नव्हे. मागच्या आळीत तिचे दोन खणांचे घर आणि आईच्या लग्नापासूनचा दोघींचा शेजार, त्यामुळे मला कळायला लागल्यापासून ती आक्काच. नवरा जाऊन तेव्हा बारा-तेरा वर्षे झाली असतील. वाट्याची म्हणून कसते ती दीड एकर जिराईत, एक म्हैस आणि वर्षातले सात-आठ महिने दुसऱ्याच्या रानातले खुरपण, यावर तिचे चालते. यादी होती पंतप्रधान किसान सन्मान निधीची, म्हणजे शेतकऱ्याला वर्षाला ६,००० रुपये देणाऱ्या केंद्राच्या योजनेची. ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात, हिरव्या ऑइलपेंटच्या भिंतीवर ती खळीने चिकटवलेली होती. पाने एकाखाली एक लावलेली, वरच्या पानाचा एक कोपरा सुटून वाऱ्यावर फडफडत होता आणि खालच्या पानावर कोणीतरी सायकल टेकवल्याचा काळा ओरखडा उठला होता. रात्री भुरभुर पाऊस होऊन गेला होता. व्हरांड्यात रचलेल्या गोणपाटांचा ओलसर वास येत होता आणि मंडळाच्या स्पीकरवर तेच एक गाणे तिसऱ्यांदा लागले होते.

आक्काला अक्षर येत नाही. पण त्या यादीपुढे अक्षर येणाऱ्यांचेही फारसे काही चालत नव्हते, कारण सगळी नावे इंग्रजी लिपीत छापलेली होती. सातवी शिकलेली माणसे त्या भिंतीपुढे येत, मान तिरकी करून पाहत आणि कोणाचा तरी कॉलेजातला मुलगा दिसतो का म्हणून मागे वळत. दत्तात्रय नावाचा गृहस्थ तिथे 'डट्टट्राय' होऊन उभा होता. म्हणून मला, पुण्याच्या माणसाला, बोलावणे आले होते. मी एकेक नाव मोठ्याने वाचू लागलो. आक्काने बजावले होते, सगळीच वाच, माझं नाव नवऱ्याच्या नावानं लागलंय का सासऱ्याच्या, काय ठावं. ती शेजारी उभी राहून डाव्या हाताची तर्जनी माझ्या वाचण्याबरोबर एकेका ओळीने खाली नेत होती. तेविसाव्या ओळीत तिच्या थोरल्या दिराचे नाव आले तेव्हा ती नुसतीच हुंकारली. मी एक्केचाळिसावे नाव वाचले. बेचाळिसाव्या ओळीत माझ्या सख्ख्या चुलत्यांचे, तात्यांचे नाव होते. तात्या पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले.

मी त्रेचाळिसावे नाव वाचले.

शेवटच्या पानापर्यंत वाचून झाले, आक्काचे नाव काही निघाले नाही. तिने पदर सारखा केला, बोट पुन्हा वर नेले, ओळी चाचपत एका जागी थांबवले आणि म्हणाली, "ह्यो बेचाळीस कुणाचा रं?" अक्षर न येणाऱ्या आक्काला आकडे येतात हे मला ठाऊक नव्हते असे नाही. नोटा, दुधाच्या डेअरीतले लिटर, मोबाइलवर लेकीचा नंबर हे सगळे तिचे तीच करते. मी म्हणालो, "पुसट झालंय आक्का, लागत नाही." ती "बरं" म्हणाली आणि आम्ही चालत घरी आलो. वाटेत तिने म्हशीचे दूध कमी झाल्याचे सांगितले. खोटे बोलण्यासाठी मला क्षणभरही विचार करावा लागला नाही, हे मला त्या रात्री झोपताना जास्त टोचले. अक्षर स्वच्छ होते. लेझर प्रिंटरची काळीभोर छपाई होती.

योजनेची माहिती वाचकांना सांगायची गरज नाही. २४ फेब्रुवारी २०१९ रोजी गोरखपूरला तिचा आरंभ झाला तेव्हा ती दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी होती. निवडणूक झाल्यावर ती मर्यादा उठली आणि तात्यांसारखे अकरा एकरांचे धनी तिच्या कक्षेत आले. मात्र प्राप्तिकर भरणारे, चतुर्थ श्रेणी सोडून बाकीचे आजी-माजी सरकारी नोकर, दरमहा १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त निवृत्तिवेतन घेणारे, डॉक्टर, वकील, अभियंते ही सगळी मंडळी वगळलेली होती आणि अर्जाबरोबरच्या स्वयंघोषणापत्रावर तसे लिहून द्यावे लागत होते. त्या संध्याकाळी ओसरीवर तात्या अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते. मी सहज बोलल्यासारखे म्हटले, "यादीत तुमचंही नाव दिसलं." ते मान वर न करता म्हणाले, "असेल. आधार आणि पासबुकाची झेरॉक्स सगळ्यांचीच नेली." मी म्हटले, "पेन्शनवाल्यांना नाही ना ते?" तेव्हा मात्र त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "जमीन काय पेन्शन बघून पिकते? डीएपी महागलं ते माझी पेन्शन बघून महागलं का?" या प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि त्यात काहीच तथ्य नव्हते असेही मला म्हणता येत नाही. मी आत गेलो. आक्काचा विषय मी काढला नाही.

तात्यांविषयी एवढेच सांगून थांबलो तर तो अन्याय होईल. माझ्या वडिलांची शेती दोन पावसाळे बुडाली त्या वर्षी माझ्या कॉलेजची आणि वसतिगृहाची फी तात्यांनी भरली आणि त्याचा उच्चार पुन्हा कधी केला नाही. नोकरीत असताना कालव्याच्या शाखा कार्यालयात त्यांच्या टेबलामागे शेजपाळीचा तक्ता लावलेला असे. कोणत्या चारीवर कोणाची पाळी, किती तास, रात्रीची की दिवसाची, सगळे त्यांच्या वळणदार अक्षरात. उन्हाळी आवर्तनात त्या तक्त्यावरून भांडणे होत, डोकी फुटत. माणसे पाणी मागण्याचा सात नंबरचा फॉर्म आणि त्यासोबत एखादी पिशवी घेऊन घरी येत, आणि काकू ती पिशवी आल्या पावली परत देत असे. लहानपणी मी पाहिले आहे, एक मोठा बागाइतदार गाडीतून उतरला आणि त्याने आपली पाळी दोन दिवस अलीकडे घ्यायला सांगितले, तेव्हा तात्यांनी त्याला तक्त्यापुढे नेऊन उभे केले आणि म्हणाले, तुमच्या आधी जे सात जण आहेत त्यांची नावे मोठ्याने वाचा आणि त्यांतला कोणता माणूस मागे सारू ते मला सांगा. तो बागाइतदार काही न वाचता निघून गेला. हा प्रसंग तात्यांनी नंतर कित्येकदा हसत हसत सांगितला आहे. त्यांच्याच नावाशी येऊन मी वाचायचा थांबलो, हे त्यांना कधी कळले असेल असे मला वाटत नाही.

यादी मोठ्याने वाचणे ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. चावडी या शब्दात बसण्याच्या जागेइतकाच वाचण्याचा आवाजही आहे. तलाठी फेरफार वाचून दाखवणार, ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी "असं नाही, तो बांध आमचा" म्हणून उठणार आणि मग पुढचे सगळे रामायण. आईच्या आठवणीतले वाचन बहात्तरच्या दुष्काळातले आहे. पाझर तलावाच्या कामावर ती तिच्या आईबरोबर जात असे, तेव्हा ती बारा वर्षांची होती. सकाळी मुकादम हजेरीपट काढून नावे पुकारी आणि बायका "हजर" म्हणत. आई सांगते, काही नावे पुकारल्यावर मुकादमाच्या शेजारी बसलेला माणूसच "हजर" म्हणे. ती माणसे कामावर कधी दिसली नाहीत, पण त्यांचा पगार निघे. सगळ्यांना ठाऊक असे. कोणी बोलत नसे, कारण मुकादमाने आपलेच नाव पुकारले नाही तर दुपारची सुकडीही गेली. पुढे डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानातल्या पाली जिल्ह्यात, कोट किराणा या गावी, मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली आणि सरकारी कामाचे असलेच कागद भर सभेत वाचले, त्याविषयी मी प्रथम वाचले तेव्हा मला आईचा मुकादम आठवला होता. अशा सभांतून चालत चालत गोष्ट माहिती अधिकारापर्यंत आली. महाराष्ट्राने स्वतःचा कायदा २००२ मध्ये केला, केंद्राचा २००५ मध्ये झाला. त्याच्या चौथ्या कलमातच लिहून ठेवले आहे की अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम दिली आणि लाभ कोणाला मिळाला, हा तपशील कार्यालयाने आपण होऊन, कोणी न मागता, प्रसिद्ध करावा. पंचायतीच्या भिंतीवरची ती खळीने डकवलेली पाने या कायद्याच्याच कुळातली. फक्त कोट किराणाला वाचणारे लोक मजुरांच्या बाजूचे होते आणि आमच्या व्हरांड्यात वाचणारा होता बेचाळिसाव्या नावाचा पुतण्या.

आमच्या घराला याद्यांचा आणखी एक इतिहास आहे. वडील आयुष्यभर विकास सोसायटीचे सभासद होते. सोसायटीच्या वार्षिक सभेआधी थकबाकीदारांची यादी फळ्याशेजारी लागे. त्या यादीत नाव असणाऱ्याला मतदानाला मुकावे लागे, आणि त्याहून वाईट म्हणजे पारावरून जाताना उगाच घाई असल्यासारखे चालावे लागे. वडिलांचे नाव त्या यादीत एकदाही लागले नाही. मार्च अखेरीला ते व्यापाऱ्याकडून हातउसने आणून पीककर्ज भरत आणि एप्रिलमध्ये नवे कर्ज उचलून त्याचे परत करत. यात शहाणपण किती आणि मानभावीपणा किती, हा आईचा आणि त्यांचा कायमचा वाद होता. मग २०१७ ची कर्जमाफी आली. दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ होणार होती आणि नियमित फेडणाऱ्यांना जास्तीत जास्त २५,००० रुपये प्रोत्साहन म्हणून मिळणार होते. नवरा-बायकोने मिळून अर्ज भरायचा, अंगठे उमटवायचे, अर्जांच्या याद्यांचे चावडीवाचन व्हायचे. शेवटी गटसचिवाकडे 'ग्रीन लिस्ट' आली आणि भिंतीवर लागली, त्याच भिंतीवर. त्यात बहुतेक तीच नावे होती, जी आदल्या वर्षी थकबाकीच्या यादीत होती. खाली मान घालून जाणारी माणसे त्या दिवशी भिंतीपुढे उभी राहून एकमेकांना टाळ्या देत होती. वडील चष्मा लावून ती यादी बराच वेळ वाचत राहिले. घरी आल्यावर त्यांनी आईला एवढेच सांगितले, "तुझं खरं होतं." त्या थकबाकीदारांतले कितीतरी खरोखर बुडालेले होते, त्यांची माफी योग्यच होती, हे वडिलांनाही मान्य होते. पण तोच कागद, तीच खळ आणि त्याच माणसांची नावे, इतकेच असूनही एका वर्षी लाज आणि दुसऱ्या वर्षी लाभ, हा उलटफेर त्यांना पचला नाही. त्यांचे प्रोत्साहनाचे पैसे आले तेव्हा त्यांनी त्यातून विहिरीवरची मोटार भरून घेतली आणि तो विषय संपवला.

भिंतीवर काय लागते याचा विचार करताना काय लागत नाही हेही मला दिसू लागले. आमच्या तालुक्याच्या बाजारात युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिचा खरा खर्च याच्या कितीतरी पट आहे आणि मधला फरक सरकार खत कंपनीला देते. दुकानात विक्री नोंदवणाऱ्या पॉस यंत्रावर अंगठा उमटतो, म्हणजे कोणी किती गोण्या उचलल्या याची नोंद कुठेतरी नक्की आहे. २०२२-२३ मध्ये खतांच्या अनुदानावर केंद्राचा खर्च २.५ लाख कोटी रुपयांच्या घरात गेला. किसान सन्मानचा वर्षाचा खर्च ६०,००० कोटींच्या आसपास असतो. पण कोणत्या बागाइतदाराच्या वाट्याला खतातून किती अनुदान गेले याची यादी कोणत्याही व्हरांड्यात डकवलेली मी पाहिलेली नाही. २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख कृषिपंपांना वीज मोफत आहे. ज्याच्या दोन विहिरी आणि बारा एकर ऊस, त्याला त्यातून किती मिळते आणि आक्काच्या कोरड्या दीड एकराला किती, हे सांगायला गणित लागत नाही. तात्यांच्या अकरा एकरांना खत आणि वीज या दोन वाटांनी जे मिळते, त्यापुढे ते ६,००० म्हणजे चहापाणी. आणि तरी नाव लागले ते चहापाण्याच्या यादीत. लपवायचे म्हणून मीही जे लपवले ते त्यातलेच.

युरोपात या प्रश्नावर कोर्टकचेरी झाली आहे. तिथे शेती-अनुदान घेणाऱ्यांची नावे आणि रकमा इंटरनेटवर टाकण्याचा नियम होता. जर्मनीच्या हेसन राज्यातल्या शेती करणाऱ्यांनी त्याला हरकत घेतली आणि ९ नोव्हेंबर २०१० रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की, रक्कम किती, किती काळ, कशासाठी, यातले काहीही न पाहता व्यक्तींची नावे सरसकट उघडी करणे हे गरजेपेक्षा जास्त आहे. त्यानंतर २०१३ मध्ये जो सुधारित नियम आला त्यात नावे पुन्हा उघडी झाली, मात्र अगदी लहान रकमा घेणाऱ्यांची, साधारणपणे वर्षाला १,२५० युरोच्या आतल्यांची, नावे झाकून ठेवायची तरतूद होती. म्हणजे तिकडे लहानांवर पांघरूण घालून मोठ्यांना उजेडात ठेवले. आमच्याकडे उजेड व्हरांड्यातल्या एका ट्यूबलाइटचा, आणि तो पडतो दोन हजारांच्या हप्त्यावर. अर्थात त्यांच्या आणि आपल्या शेतीची तुलना मला पुढे ताणायची नाही. गावात झाकलेले नाव कोणाचे हे दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर कळतेच.

आता ती यादी भिंतीवर नसली तरी फोनवर आहे. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडले की पानेच्या पाने नावे उघडतात, नावापुढे स्त्री की पुरुष एवढेच. मी पुण्यात बसून कितीदा तरी आमचे गाव उघडले आहे. ती यादी वाचताना गाव डोळ्यांपुढून सरकते. हा मारुतीच्या देवळामागचा, हा पुण्यात रिक्षा चालवतो, ही बाई माहेरी जमीन करते, हा आता नाही. एखाद्या परक्या माणसाला त्यातून काही कळणार नाही आणि गावच्या माणसाला त्यातून नवे काही कळत नाही. दरम्यान २०२३ मध्ये वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याने माहिती अधिकाराचे आठवे कलम बदलले. वैयक्तिक माहिती आहे असे म्हटले की ती नाकारता येईल, आणि पूर्वी त्याच पोटकलमात सार्वजनिक हिताची जी अट होती ती तिथून गेली. माहिती अधिकारात काम करणारी माझ्या ओळखीची माणसे यावर संतापतात, आणि त्यांचा संताप मला कळतो. पण आधार क्रमांक, खाते क्रमांक आणि मोबाइल नंबर यांच्या झेरॉक्स ज्या सैलपणे गावोगाव फिरतात त्या पाहिल्या की झाकायचे ते उघडे आणि उघडायचे ते झाकलेले असे वाटून मी कोणत्याच बाजूला ठामपणे बसू शकत नाही. आक्काने स्वतःच्या आधारची प्रत आतापर्यंत किती जणांना दिली असेल याचा हिशेब तिलाही नाही. तिला यादीत नाव हवे होते, आणि नाव नव्हते याचे कारण गुप्त मुळीच नव्हते. सासऱ्याच्या मागे सातबाऱ्यावर थोरल्या दिराचे नाव 'एकुमॅ', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून लागले आणि तिथेच राहिले. ती कसते त्या दीड एकराचा कागदावरचा मालक तेविसाव्या ओळीत होता. वारसांची नावे सातबाऱ्यावर लावण्याच्या २०२५ च्या 'जिवंत सातबारा' मोहिमेत तिने तलाठ्याकडे कागद दिले आहेत.

तात्यांना नोटीस आली ती २०२० च्या दिवाळीच्या सुमाराला. तालुक्यातल्या कितीतरी जणांना आली, कारण प्राप्तिकराच्या नोंदींशी यादी ताडून पाहण्यात आली होती. चार हप्ते, आठ हजार रुपये परत करावेत. तात्यांनी दुसऱ्याच दिवशी बँकेत जाऊन रक्कम भरली, पावती फाइलला लावली आणि फोनवर मला सांगितले, "भरून टाकले. कटकट नको." त्यांच्या आवाजात राग होता की हायसे वाटणे, हे मला ओळखता आले नाही. पुढे जानेवारीत बातमी आली. माहिती अधिकारातल्या एका अर्जाला केंद्राच्या कृषी मंत्रालयाने उत्तर दिले होते, त्यानुसार देशभरात २०.४८ लाख अपात्र लोकांना मिळून १,३६४ कोटी रुपये गेले होते आणि त्यांतले निम्म्याहून अधिक जण प्राप्तिकर भरणारे होते. पंजाब आणि आसामपाठोपाठ महाराष्ट्राचेही नाव ठळकपणे होते. पेपर घेऊन मी बराच वेळ बसलो. २०.४८ लाख हा आकडा मोठा असला तरी माझ्या डोळ्यांपुढे तो एकाच माणसाच्या रूपाने, सुपारी कातरत बसलेला होता. एवढ्या मोठ्या बातमीत आमच्या घरचे आठ हजार होते, आणि ज्याने ते शोधून काढले त्याने निदान वाचताना मधली ओळ गाळली नव्हती.

त्याच महिन्याच्या शेवटी गावी गेलो. उसाची तोड चालू होती. तात्यांच्या फडात टोळी उतरली होती, पाचटाचा कोरडा सळसळाट आणि रसाचा आंबूस गोड वास बांधापर्यंत येत होता. आक्का फडाच्या कडेला म्हशीसाठी वाढे गोळा करत होती. मला पाहून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, पोरांची, पुण्याची, आजाराच्या साथीची विचारपूस केली आणि मग वाढ्यांची पेंडी आवळता आवळता म्हणाली, "तात्यांनी पैसं परत भरलं म्हणं." गावात अशी गोष्ट लपत नाही. मी हो म्हणालो. मग काही क्षण नुसताच कोयत्यांचा आवाज येत राहिला, आणि दीड वर्ष घशात अडकलेले वाक्य बाहेर पडले, "आक्का, त्या यादीतला बेचाळीस..."

"ठावं हाय की," ती म्हणाली. "आदल्या दिशी नातीनं वाचून दावलीती सगळी. तिला विंग्रजी येतंय साळंतलं. म्हटलं पोरीचं एखादं नाव चुकलं असंल, माझं असंल त्यात, म्हणून तुला न्हेलं."

"मग मला विचारलंस कशाला?"

तिने पेंडीला गाठ मारली, गाठ पुन्हा ओढून पाहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. थोडे हसूच होते, लहानपणी मी तिच्या परसातले पेरू चोरताना सापडलो की असे ते.

"तुला वाचाय येतंय का बघत हुते," ती म्हणाली. मग डोक्यावर चुंबळ ठेवून ती भाऱ्यापुढे वाकली. "हं, बघत काय ऱ्हायलास? लाव की हात."

मी भाऱ्याची दुसरी बाजू धरली. वाढ्यांची पाने धारदार असतात हे मी विसरलो होतो. भारा तिच्या डोक्यावर चढेपर्यंत माझ्या दोन्ही तळव्यांवर बारीक लाल रेघा उमटल्या होत्या. ती बांधावरून घराच्या दिशेने निघाली. मागून पाहताना भाऱ्याखाली तिचे पाय तेवढे दिसत होते.